आठवा गडी

सुगी उरकली, की शिराळा तालुक्यातल्या कबड्डी मंडळांत एकच विषय निघतो. यंदा बाहेरचा गडी कोण आणायचा? यात्रांचा हंगाम पुढ्यात असतो. ५५ किलो, ६५ किलो अशा वजनी गटांच्या स्पर्धांच्या जाहिराती मोबाईलवर फिरू लागलेल्या असतात आणि वर्गणीतून थोडेफार पैसे जमलेले असतात. कुणी इस्लामपूरकडच्या पोराचं नाव घेतं, कुणी कोल्हापूरकडच्या. मुंबईला राहणाऱ्या भावकीतला एखादा मुलगा तिकडच्या चांगल्या संघातून खेळत असेल, तर त्याला यात्रेला गावाकडून उतरवू, असंही ठरतं. नावं कितीही बदलली, तरी मागणी एकच असते : रेडर पाहिजे. हनुमान उडी मारणारा, एका चढाईत तिघांना घेऊन येणारा, ज्याच्या नावावर गर्दी जमेल असा.

मला या आठवड्यात दुसऱ्याच गड्याची बाजू मांडायची आहे. हा गडी कोपऱ्यात उभा राहतो, गरज पडली तर कव्हरला सरकतो आणि चढाईला कुणी उरलं नाही, तर दम घेऊन रेषेपलीकडे जातो. पहिल्या सातांत त्याचं नाव नसतं. मंडळाकडे एकाच गड्यापुरते पैसे असतील, तर ते याच्यावर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण कबड्डीच्या नियमांतच आहे. संघ बाराचा, मैदानात सात, बाहेर पाच राखीव. पण बाद होऊन बसलेल्या गड्याच्या जागी राखीव उतरवता येत नाही. बदली होते ती मैदानात उभ्या असलेल्याची. म्हणजे तुमचा मोठा रेडर एकदा पकडला गेला, की बाकीच्यांनी गुण मिळवून त्याला आत आणेपर्यंत तो बाहेरच. त्यातही जो आधी बाद झाला, तो आधी आत येणार. अशा वेळी मैदानात चौघे उरलेले असतात, चौघेही पकड करणारे. दोन चढाया रिकाम्या गेलेल्या असतात आणि तिसरीत गुण नाही आणला, तर जाणारा बाद. मग कुणाला तरी ढकलावं लागतं. कोपऱ्यात घोटा धरायला तरबेज असलेला पोरगा मध्यरेषा ओलांडून जातो, त्याला पाय कुठे टाकायचा हे कळत नाही, आणि दोन मिनिटांत सगळे बाद होऊन लोण चढतो. कितीतरी चांगले संघ मी असेच कोसळताना पाहिलेत. लोक म्हणतात, रेडर बाद झाला म्हणून हरलो. खरं कारण असं, की तो बाद असताना खेळणारं कुणी नव्हतं.

हेच चित्र त्या आठव्या गड्यानिशी बघा. मैदानात चौघे उरलेत, टाइमआउट घेतला, दमलेल्या कव्हरला बाहेर काढलं आणि याला आत घेतलं. पकडीची साखळी तशीच राहिली आणि चढाईला एक माणूस मिळाला. त्यातून आणखी एखादा बाद झाला, तरी तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो. म्हणजे अडचणीतला संघ त्याच वेळी सर्वांत जास्त कमवू शकतो. फक्त त्या वेळी मैदानात असणाऱ्यांना दोन्ही कामं आली पाहिजेत.

आता जवळचंच उदाहरण. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तो दबंग दिल्लीकडून खेळला आणि २०१५ च्या दुसऱ्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर होते. त्या दिवसांत आपल्या भागातली पोरं मैदानात नुसत्या उड्या मारत असत, इतकं त्याचं वेड होतं. आपल्या मातीतला पोरगा देशात पहिला आला, याचा अभिमान मला आजही आहे. पण त्याच हंगामात दिल्लीचा संघ उपांत्य फेरीतही पोहोचला नाही. देशातला सर्वांत यशस्वी रेडर एका संघात, आणि शेवटच्या चारांत वेगळेच संघ! काशिलिंगने त्याचं काम चोख केलं होतं. एका गड्याच्या खांद्यावर सगळा हंगाम निघत नाही, एवढंच त्या हंगामातून दिसतं.

उलट बाजूचं उदाहरण २०२२ चं. प्रो कबड्डीतल्या तमिळ थलैवाजने पवन सेहरावत या रेडरला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तोवरच्या लिलावांतली ती सर्वांत मोठी बोली. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. सगळ्यांनी त्या संघाचा नाद सोडला होता. पण नरेंदर आणि आपल्या महाराष्ट्राचा अजिंक्य पवार यांनी चढाई सांभाळली, बचावफळीने साथ दिली आणि थलैवाज त्याच वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले. पैसा एका माणसावर ओतलेला होता, निभावून नेलं बाकीच्यांनी.

आपल्याकडच्या स्पर्धांत तर याची गरज जास्त आहे. व्यावसायिक संघाला दोन सामन्यांमध्ये विश्रांती मिळते, फिजिओ मिळतो. आपल्या यात्रेत एका रात्रीत दोन-दोन, तीन-तीन सामने खेळावे लागतात. कुणाचा खांदा निखळतो, कुणाचं बोट वाकडं होतं, कुणाचा घोटा सुजतो. पहाटेच्या उपांत्य सामन्याला रात्रीचे सात शिल्लक असतील, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. तेव्हा संघ उभा राहतो तो राखिवांवर. आणि आपण राखीव म्हणून कुणाला बसवतो? ज्याच्याकडे गाडी आहे त्याला, वर्गणी जास्त दिली त्याच्या भावाला, नाहीतर पाणी द्यायला कुणीतरी हवं म्हणून एखाद्या शाळकरी पोराला. हे मला मनापासून खटकतं.

बाहेरून कुणाला आणायचं, या प्रश्नावर अमेरिकेत बेसबॉलच्या संघांतही दरवर्षी मोठा खल होतो. तिथे हंगाम चालू असताना साधारण जुलैअखेरपर्यंत संघांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. २०१५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स हा संघ जोरात होता, पण त्यांचा डावीकडचा क्षेत्ररक्षक ॲलेक्स गॉर्डन जखमी झाला. त्यांनी ओकलंडकडून बेन झोब्रिस्टला आणलं. हा माणूस बहुतेक कुठल्याही जागेवर उभा राहू शकत असे. गॉर्डन नव्हता तोवर तो त्याच्या जागी खेळला, गॉर्डन परतल्यावर दुसऱ्या बेसवर गेला, आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपद रॉयल्सने जिंकलं. पुढच्या वर्षी झोब्रिस्ट शिकागो कब्जमध्ये गेला. १०८ वर्षं विजेतेपद न मिळालेला तो संघ जिंकला, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू झोब्रिस्ट ठरला. सगळ्या जागा सांभाळणारा माणूस शेवटी सगळ्यांत पुढे आला.

मात्र त्या सौद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झोब्रिस्टच्या बदल्यात रॉयल्सने दोन तरुण गोलंदाज दिले होते. त्यातल्या शॉन मनायाने ओकलंडकडून २०१८ मध्ये बॉस्टनच्या बलाढ्य संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मारू दिला नाही. रॉयल्सना विजेतेपद मिळालं, त्यांचा सौदा वसूल झाला. पण तसं झालं नसतं, तर तो तरुण पोरगा त्यांना आयुष्यभर सलत राहिला असता. आपल्या मंडळांनी यातून घ्यायचं ते असं, की राखीव गडी आणताना आपलं वाढतं पोर गमावू नका. बाहेरचा आला म्हणून गावातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला संघातून काढलं, की तो शेजारच्या गावाकडून खेळायला लागतो किंवा खेळच सोडतो. दोन्हींत नुकसान गावाचंच.

किमतीचाही विचार हवा. आपल्या पालघरचा क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर बघा. गोलंदाजी करतो, खाली येऊन फटकावतो. आयपीएलमध्ये संघांनी त्याला एकदा नव्हे, तीनदा आपापसांत व्यवहार करून घेतलं. २०१७ मध्ये पंजाबकडून पुण्याच्या संघाने, २०२३ च्या हंगामासाठी दिल्लीकडून कोलकात्याने, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौकडून मुंबईने. कोलकात्याने त्याच्यासाठी १० कोटी ७५ लाख मोजले. ईडन गार्डन्सवर बंगळूरूविरुद्ध त्याने २९ चेंडूंत ६८ धावा ठोकून सामना फिरवला खरा, पण त्या किमतीच्या खेळाडूकडून लोक दर सामन्यात तेच मागतात. हंगाम संपल्यावर कोलकात्याने त्याला सोडून दिलं. मुंबईने त्याला २ कोटींत आणलं. माझ्या मते मुंबईचा सौदा शहाणपणाचा. खेळाडू तोच, पण त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवायची, हे किंमत ठरवते. आणि असा माणूस कशासाठी हवा असतो, हे त्याने जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला दाखवलं होतं. भारताचे निम्मे गोलंदाज जखमी, म्हणून शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर संघात. सुंदर तर सराव गोलंदाज म्हणून तिथे थांबवलेला. भारत ६ बाद १८६, आणि या दोघांनी १२३ धावांची भागीदारी केली. शार्दूलच्या ६७, सुंदरच्या ६२. ती कसोटी आणि मालिका भारताने जिंकली.

आता माझी अट. असा गडी आणायचा तर त्याला खेळवायचं. नुसता बाकावर बसवायला आणायचा नाही. पवन सेहरावतचंच पुन्हा सांगतो, कारण कबड्डीत याहून बोलकं उदाहरण नाही. प्रो कबड्डीच्या पाचव्या हंगामात तो गुजरातच्या संघात होता आणि त्याच्या वाट्याला फारच थोडा खेळ आला. पुढच्या वर्षी तो बंगळूरू बुल्सकडे गेला. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत अंतिम सामना झाला, समोर गुजरात. पवनने एकट्याने चढाईचे २२ गुण घेतले आणि बंगळूरूने ३८-३३ असा सामना जिंकला. ज्यांच्या बाकावर तो बसला होता, त्यांच्याच हातातून त्याने चषक नेला.

आपल्याकडे प्रशिक्षकाचं काम बहुधा मंडळाचा एखादा जुना खेळाडू करतो. ही माणसं खेळासाठी झिजलेली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सामना रंगात आला, की त्यांचाही जीव पहिल्या सातांत अडकतो. बदली करायची म्हणजे कुणाला तरी बाहेर बोलवायचं, आणि ज्याला बोलवायचं तो सरपंचांचा पुतण्या असतो, नाहीतर ज्याच्या आवाजाने मंडळ चालतं तो असतो. ‘आणखी एक रेड बघू की, मग काढू,’ असं म्हणता म्हणता लोण चढतो. म्हणून ठरवायचं ते सामन्याआधी. दुसऱ्या डावात कव्हर दमला, की याला आत घ्यायचा. आपले चारच राहिले, तर याला चढाईला पाठवायचा. हे सगळ्यांसमोर बोलून ठेवलं, की कुणाला अपमान वाटत नाही.

सरावाचंही तसंच. अष्टपैलू गडी जन्माला येत नाही, तो सरावात तयार होतो. आपल्या पोरांचे साचे फार लवकर पक्के होतात. उंच दिसला की रेडर, आडवा दिसला की कोपरा. बाराव्या वर्षी ठरलेली जागा बाविसाव्या वर्षीही तीच. आठवड्यातून एकदा सगळ्यांच्या जागा उलट्या करून खेळवायला काय हरकत आहे? कोपऱ्यातल्याने चढाई करावी, रेडरने घोटा धरायला शिकावं. मोहम्मदरेझा शादलुई हा इराणचा गडी पकडीसाठी नावाजलेला आहे, पण संधी मिळेल तेव्हा तो चढाईलाही जातो. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली तेव्हा तो पुण्यात होता. त्याच वर्षी डिसेंबरात हरियाणा स्टीलर्स पहिल्यांदा जिंकले तेव्हा तो हरियाणात होता. असे गडी आपल्याकडे तयार होऊ शकत नाहीत, असं मला वाटत नाही. सांगलीच्या नितीन मदनेने २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत भारताकडून सुवर्णपदक मिळवलं. भाताच्या खाचरात आणि डोंगरउतारावर वाढलेल्या आमच्या पश्चिम भागातल्या पोरांचे पाय आणि दम कुठल्याही अकादमीत तयार झालेल्यांपेक्षा कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट मनापासून मागायची आहे. बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि मालिकावीर अशी तीन बक्षिसं असतात. पाच राखिवांची नावं कित्येकदा माईकवरून पुकारलीही जात नाहीत. बक्षिसाच्या रकमेची वाटणी होते तेव्हा त्यांच्या हातात चहा-वडापावचे पैसे पडतात. ज्या पोराने हंगामभर बाहेर बसून सराव चुकवला नाही, वेळ आली तेव्हा अनोळखी जागेवर उभं राहून संघ सावरला, त्याला सारखा वाटा मिळालाच पाहिजे. मंडळांनी बाराच्या बारा नावं पुकारावीत, बाराही जणांना जर्सी द्यावी आणि वाटणी बारा ठिकाणी करावी. यात मंडळाचा फार खर्च वाढत नाही. पण राखीव बसणं म्हणजे कमीपणा नाही, हे पुढच्या पोराला कळतं.

यंदा बैठक भरेल तेव्हा कारभाऱ्यांनी आधी स्वतःच्या गावातल्या पोरांकडे बघावं. दोन-तीन जागा खेळू शकेल असा एखादा त्यांच्यातच असेल, तर बाहेर पैसे घालवू नका, ते त्याच्या बुटांवर आणि खुराकावर घाला. गावात नसेलच, तर बाहेरून आणा, पण दुसरा रेडर आणू नका. आठवा गडी आणा आणि त्याला खेळवा.