जळालेल्या घराचा पंचनामा

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या जिल्ह्यातील माळरानांवर आग हिंडू लागते. औंढा नागनाथच्या डोंगरउतारांवरील गवत वाळून पिवळे पडलेले असते, शेतकरी धुरे पेटवतात, वसमतकडे हळद शिजवण्याच्या कढयांखाली जाळ चालू असतो आणि दुपारचा वारा कोणाचेच ऐकत नाही. धुऱ्यावरची ठिणगी गवतात, गवतातून पऱ्हाट्यांच्या ढिगात, तेथून कडब्याच्या गंजीत आणि गंजीतून छपरावर जाण्यास फार वेळ लागत नाही. अग्निशमनाची गाडी तालुक्याच्या गावाहून येईपर्यंत कुडाच्या घराचे काय उरणार?

आगीला जात नसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ते पूर्णपणे मान्य करता येत नाही. वणवा गावाकडे येतो तेव्हा त्यास प्रथम भेटते ते गावाच्या कडेचे घर, आणि कडेला कोणी राहावे हे आगीने ठरवलेले नाही. आपले वाडे, पारधी वस्त्या, तांडे, आंध आदिवासींच्या वाड्या आणि गायरानावरील छपरे ही सारी या कडेलाच आहेत. म्हणून घर जळालेल्या कुटुंबास मदत करणे हा विषय केवळ करुणेचा राहत नाही. तो जागेचा, नोंदीचा आणि हक्काचाही विषय होतो, आणि या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच अंगाने चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

घर जळाले की पहिल्या दिवशी माणसे धावून येतात, यात शंका नाही. कोणी पिठाचे पोते आणतो, कोणी साड्या, कोणी भांड्यांचा संच. तिसऱ्या दिवशी छायाचित्र काढले जाते. त्यात देणारे सहा-सात जण ठसठशीत दिसतात आणि घेणारी बाई पदर सावरत खाली पाहत असते. (ते छायाचित्र त्या बाईच्या मुलांच्याही भ्रमणध्वनीवर पोहोचते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.) पंधरा दिवसांनंतर त्या जागेवर चार बांबू व एक ताडपत्री असते आणि गाव आपापल्या कामाला लागलेले असते. खरी मदत येथून सुरू व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

आपल्या समाजाला जळालेल्या घरांचा अनुभव नवीन नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि लगोलग मराठवाड्यातील सुमारे १२०० गावांना हिंसाचाराची झळ पोहोचली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. परभणी आणि नांदेड हे त्या दिवसांत होरपळलेले जिल्हे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांचा राजकीय इतिहास आपणांस पाठ आहे. लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंगवास, हौतात्म्य यांवर दरवर्षी व्याख्याने होतात. परंतु ज्यांची घरे जळाली ती कुटुंबे पुढे कोठे गेली, त्यांच्या मुलांच्या शाळांचे काय झाले, यावर आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे.

वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही जे ऐकत आलो, त्यात एक गोष्ट वारंवार येते. धान्य आले, घोंगड्या आल्या, पुढारी आले. पण ट्रंकेत ठेवलेला चौथीचा दाखला, इनामी जमिनीचा जुना कागद, घरपट्टीची पावती हे जे जळाले ते कोणी परत आणून दिले नाही. ज्यांच्या पायाखालची जागा नावावर नव्हती त्यांना त्याच जागी पुन्हा उभे राहणे अवघड झाले. कित्येक कुटुंबे नांदेड, परभणी, औरंगाबाद, पुणे येथील वस्त्यांत गेली ती परतली नाहीत. आगीने छप्पर नेले. माणसांना गावातून उठवले ते कागद नसण्याने.

त्यानंतर कायदा बदलला हे खरे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचे राहते घर नष्ट करण्याच्या हेतूने आग लावणाऱ्यास जन्मठेपेची तरतूद आहे आणि १९९५ च्या नियमांनुसार असे घर शासनाच्या खर्चाने पुन्हा बांधून देणे बंधनकारक आहे. १९७८ मध्ये यांपैकी काहीही नव्हते. परंतु हे झाले लावलेल्या आगीचे. लागलेल्या आगीचे काय? भूकंपासारख्या आपत्तीत सारे जग धावून येते, हे आपण १९९३ साली किल्लारीला पाहिले. माळावर एकट्या जळालेल्या घराच्या वाट्याला मात्र एक तलाठी आणि एक पंचनामा एवढेच येते.

त्या पंचनाम्याकडे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे, अशी आमची विनंती आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत पूर आणि भूकंप यांप्रमाणे आगही समाविष्ट आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी, मग ते पक्के असो वा कच्चे, १,२०,००० रुपये धरलेले आहेत. झोपडीसाठी ८,००० रुपये. कपडे व भांडी यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये प्रतिकुटुंब. दुभती म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, शेळी दगावली तर ४,००० रुपये. म्हणजे मातीच्या भिंती व पत्रे असलेल्या घरासमोर उभे राहून लिहिणाऱ्याने ‘कच्चे घर’ असे लिहिले की ‘झोपडी’ असे लिहिले, यावर पंधरा पटींचा फरक अवलंबून असतो. एका शब्दाची एवढी किंमत आम्हांस अन्य कोठे आढळली नाही. आणि तो शब्द लिहिला जातो तेव्हा घरमालक राखेत काही सापडते का ते पाहत असतो. पंचांच्या सह्या झाल्या की त्यालाही अंगठा उमटवायला बोलावले जाते.

शिवाय घर अधिकृत असल्याचे प्रमाणपत्र हवे, ही अट आहेच. गायरानावरील घराचा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये उतारा निघत नाही, अथवा निघाला तर त्यावर अतिक्रमण असा शेरा असतो. रमाई आवास योजनेतून घरकुल मागायला गेल्यावर पुन्हा जागेचाच प्रश्न. ज्यास घराची सर्वाधिक गरज तोच कागदाच्या दारात अडतो. म्हणून भांड्यांचा दुसरा संच नेण्याऐवजी नमुना ८ ची मागील वर्षांची प्रत, घरपट्टीच्या पावत्या, वीजदेयक, आग लागण्यापूर्वीचे घराचे एखादे छायाचित्र गोळा करून पंचनाम्याच्या वेळी तेथे उभा राहणारा एक शिकलेला माणूस अधिक उपयोगी, असे आम्ही मानतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी जण आज तलाठी, ग्रामसेवक, वकील, लिपिक आहेत. त्यांनी नियम मोडावा असे कोणी म्हणणार नाही; नियम जेवढे देतो तेवढे पूर्ण मिळवून द्यावे, इतकेच.

शाळा म्हणून आपल्याकडे एक वेगळे साधन आहे, ते म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. घर जळाले की मुलाचा दाखला जळतो, पण नोंदवहीत त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मगाव ही नोंद कायम असते. दहावीची गुणपत्रिका शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून दुसरी मिळते. सर्वांत कठीण असतो जातीचा दाखला. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि आजोबा कोणत्या शाळेत बसले होते हे सांगणारा जीर्ण उतारा एकदा जळाला तर तो जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटातच पुन्हा सापडू शकतो. ते कपाट उघडून घेणे, पान शोधणे, साक्षांकित प्रत मिळवणे हे तीन-चार दिवसांचे काम आहे. मजुरी बुडवून ज्याला ते करावे लागते तो बहुधा करीतच नाही, आणि चार वर्षांनी त्याच्या मुलीची शिष्यवृत्ती अडते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एका वाडीत उन्हाळ्यात गवताला लागलेली आग वस्तीत शिरली आणि एका मजूर कुटुंबाचे घर गेले. थोरली मुलगी तेव्हा नववीत होती. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी रोख रक्कम जमवली, ती एकाच वेळी न देता दरमहा ठरावीक दिली, आणि एक जण वर्षभर तहसिलाच्या फेऱ्या मारीत राहिला. छायाचित्र काढले नाही. मुलीची वसतिगृहात सोय झाली. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाण्याच्या बेतात होते. ते त्या वर्षी थांबले, पुढच्या वर्षी मात्र गेले. सगळे काही जुळून आले असे म्हणता येणार नाही. घरकुलाचे प्रकरण जागेवरून बराच काळ अडून राहिले. पण मुलगी शाळेतून उठली नाही. घर जळालेल्या कुटुंबातील पंधरा वर्षांच्या मुलीचे काय होते हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे: एक खाणारे तोंड कमी करण्यासाठी स्थळ पाहिले जाते. त्या वयात मिळालेली वसतिगृहातील एक खाट ही आमच्या मते कोणत्याही रोख मदतीहून मोठी. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हापासून आपल्या चळवळीने ‘बोर्डिंग’ या शब्दाचा अर्थ हाच मानला आहे.

आता एक अवघड प्रश्न. ज्या गावात १९७८ साली आपले घर जळाले, त्या गावात आज दुसऱ्या कोणाचे घर वणव्याने जळाले तर? आमच्या पालकसभेत एकदा हा प्रश्न निघाला होता आणि चर्चा बरीच तापली. एका वयोवृद्ध पालकांचे म्हणणे असे की, ज्यांनी आपल्या राखेकडे पाठ फिरवली त्यांच्याकडे धान्य घेऊन जाण्याइतके मोठे मन आपल्यापाशी नाही, आणि तसे सोंगही करू नये. त्यांच्या बोलण्यातील वेदना खरी होती. तिला खोडून काढण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरीही आम्ही त्यांच्याशी सहमत होऊ शकलो नाही. मैत्री भावनेत अपवादांची यादी नसते. शिवाय त्या घरातील आजचे मूल १९७८ नंतर तीस-पस्तीस वर्षांनी जन्मलेले आहे. आपण जाऊ, परंतु इतिहास विसरून जाण्याची अट कोणी घातली तर ती स्वीकारणार नाही. धान्याचे पोते खाली ठेवतानाही त्या वर्षी काय झाले हे सांगता येते, आणि आमच्या अनुभवात ऐकणारेही असतात.

काही समाजबांधव म्हणतात की हे सारे शासनाचे काम आहे, आपण वर्गण्या काढल्या की शासन निवांत होते. यात तथ्य आहे. म्हणूनच वर्गणीचा मोठा भाग कागदपत्रांच्या खर्चावर, प्रवासावर आणि बुडालेल्या मजुरीवर खर्च व्हावा असे आम्ही सुचवतो, कारण त्यातून शासनाकडील हक्काची रक्कम बाहेर पडते. जुने फाटके कपडे मात्र कृपया पाठवू नयेत. ते वेगळे करण्यातच वसतिगृहाच्या मुलांचे दोन रविवार जातात.

आपल्या शाळेतील पहिल्या तुकड्यांच्या नोंदवह्यांची पाने ठिसूळ झाली आहेत. त्या नोंदवह्यांचे संगणकीय चित्रण या मे महिन्यात सुरू करावयाचे ठरले आहे. एक प्रत शाळेत राहील आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर, वेगळ्या ठिकाणी. हे काम येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीतील आठ दिवस द्यावेत. पालकांनी स्नेहसंमेलनास येताना मुलांचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे, नमुना ८ चा उतारा आणि शिधापत्रिका सोबत आणावी; कार्यालयात त्यांच्या प्रती काढून प्रत्येक कुटुंबाच्या नावाने स्वतंत्र पाकीट ठेवले जाईल. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.