घोड्याचे अश्रू

शिगम्याच्या दिवसांत आमच्या पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत घोडेमोडणी नाचते. कमरेला लाकडी घोडा, हाती तलवार आणि ढोलताशांच्या तालावर पुढेमागे झेपावणारी पावले! राण्यांनी पोर्तुगीजांवर मिळविलेल्या विजयाची ती स्मृती मानली जाते. असाच एकदा खेळ पाहून परतताना शाळेतील एका मुलाने मला विचारले, "सर, खरा घोडा रडतो का हो?"

माथेरानच्या सहलीत त्याने एक तट्टू पाहिले होते. त्याच्या डाव्या डोळ्याखाली पाण्याची धार सारखी ओघळत होती आणि तेथील केस झडले होते. घोडेवाला खांद्यावरच्या पंचाने ती पुशीत म्हणाला होता, "सवयच आहे त्याची." माथेरानात मोटारींना मज्जाव असल्याने अनेकांची चूल या तट्टांवरच पेटते आणि तांबडी धूळ तर तेथेही आपल्यासारखीच.

मी एका पशुवैद्य स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रू एका नळीत उतरतात. ही अश्रुनलिका हाडांतून सुमारे एक फूट प्रवास करून नाकपुडीत उघडते. माणसात तिचे मुख नाकात खोल दडलेले असते. घोड्याची नाकपुडी मात्र किंचित उघडली, की काळी कातडी जेथे संपते तेथे ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. धूळ, पू वा चिकट स्राव साचून नळी बुजली, की पाणी गालावरून वाहते, माश्या बसतात आणि कातडी सोलवटते.

परीक्षा सोपी आहे. डोळ्यात फ्लुओरेसीन हा रंग घालतात. काही मिनिटांनी तो नाकपुडीत उतरला, तर वाट मोकळी. बुबुळावर जखम असल्यास हाच रंग तीही हिरवी दाखवितो. नळी बुजली असल्यास जनावरास गुंगीचे औषध देऊन, नाकपुडीतील मुखातून मऊ, बारीक नळी सरकवितात आणि कोमट सलाइन अगदी हळू सोडतात. अडथळा सुटला, की डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उसळते. काही शिंगरांत हे मुख जन्मतःच बंद असते; तेथे शस्त्रक्रिया करावी लागते. दाढेच्या मुळाशी रोग असेल, तर आधी दाढ पाहावी लागते.

हे सारे पशुवैद्याचेच काम. डोळा अर्धवट मिटलेला, दुखरा वा पांढुरका दिसला, तर त्याच दिवशी त्यास दाखवावे. घरात उरलेले थेंब घालू नयेत. बुबुळावर जखम असता स्टेरॉइडचे थेंब डोळा गमावण्याची वेळ आणतात.

पूर्वी डोळ्याखाली भोवरा असलेल्या घोड्यास 'आंसुढाळ' म्हणून अशुभ मानीत; तो धन्यास रडवितो, अशी समजूत. त्या मुलास मी सांगितले, "घोडा दुःखाने रडत नाही रे. त्याच्या अश्रूंची वाट बुजलेली असते."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मग त्या घोडेवाल्याला कोणी सांगितलं असेल का हो, सर?"

या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. म्हणून हे लिहिले. वाचकांपैकी कोणी माथेरानास गेले आणि असे एखादे तट्टू दिसले, तर घोडेवाल्याशी दोन शब्द अवश्य बोलावे.