भिजायचंच आहे, गारठायचं नाही

जूनचा पहिला पाऊस झाला की आमच्या ऑफिसात दोन प्रश्न हमखास फिरायला लागतात. एक, "या शनिवारी कुठे?" आणि दोन, "ट्रेकसाठी वॉटरप्रूफ जॅकेट कुठलं घेऊ?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: जिथे गर्दी नसेल तिथे. दुसऱ्यावर मात्र लोक नवा लॅपटॉप घेताना करतात तेवढा रिसर्च करतात. एक्सेल शीट बनतं, रिव्ह्यू वाचले जातात, अमेरिकेहून येणाऱ्या मित्राला गळ घातली जाते आणि शेवटी दहा-बारा हजारांचं जॅकेट घरी येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला "कोरडं राहायचंय" ही रिक्वायरमेंटच चुकीची आहे. आणि रिक्वायरमेंट चुकली की पुढचं डिझाइन कितीही भारी असो, प्रॉडक्ट बोंबलतंच. हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आधी आपला पाऊस काय चीज आहे ते बघू. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला जवळपास तेवढाच, म्हणजे ५९४ मिलिमीटर, एका दिवसात पडला होता. शिवाय घाटमाथ्यावर तो वरून खाली पडतो असंही नाही. आडवा येतो, कधीकधी तर दरीतून उलटा वर येतो. गळ्यातून, बाह्यांतून, कमरेखालून तो आत शिरायचा तो शिरतोच.

आता जॅकेटच्या लेबलकडे या. त्यावर दोन आकडे असतात. समजा दोन्ही १०,००० आहेत. पहिला मिलिमीटरमधला. म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार जात नाही. हा आकडा प्रामाणिक आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

खरी गोम दुसऱ्यात आहे. दर चौरस मीटरमागे २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते, त्याचा तो आकडा. १०,००० ला २४ ने भागा, तासाला सुमारे ४१५ ग्रॅम. चढणीवर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. त्यातला निम्मा जॅकेटच्या आत धरला तर कागदावर कसंबसं जमतंय असं वाटतं. पण हा आकडा प्रयोगशाळेतला, आणि बहुतेक चाचण्यांत पलीकडची हवा बऱ्यापैकी कोरडी ठेवलेली असते. (आपलं सॉफ्टवेअरही डेमोच्या मशीनवर मस्तच चालतं की!)

वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. ढोबळ हिशोब करून बघा. जॅकेटच्या आत ३२ अंश आणि दमट हवा म्हणजे दाब साधारण ४.८ किलोपास्कल. जुलैत राजमाचीच्या वाटेवर २४ अंश आणि गच्च ढग, म्हणजे बाहेर ३. फरक उरला १.८. तेच स्कॉटलंडच्या डोंगरात ५ अंश असतील तर बाहेरचा दाब ०.९ आणि फरक ३.९. म्हणजे तेच जॅकेट, तोच माणूस, पण वाफेला बाहेर ढकलणारा जोर आपल्याकडे निम्म्याहून कमी. त्यात वरचा पाणी झटकणारा लेप सॅकच्या पट्ट्यांनी घासून गेला की कापड भिजून चिकटतं आणि उरलासुरला मार्गही बंद. मग बाहेरून पाऊस येवो न येवो, आतून तुम्ही चिंब. जॅकेट वाईट नाही हो, ते दुसऱ्या हवेसाठी बनलंय. थंड, कोरड्या हिमालयात ते आपली किंमत वसूल करतं.

मग काय, उघडं फिरायचं? तर नाही. आणि इथेच खरा मुद्दा आहे.

भिजल्याने काही होत नाही, गारठल्याने होतं. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि वर भन्नाट वारा. चालताना हे कळतच नाही, कारण शरीराचं इंजिन चालू असतं. कळतं ते थांबल्यावर. वाट चुकली, ओढ्याचं पाणी वाढलं, कुणाचा पाय मुरगळला, की दोन-तीन तास एकाच जागी बसायची वेळ येते. मग थरथर सुरू होते, बोलणं अडखळतं, माणूस उगाच ठेचकाळायला लागतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. कपडे निवडायचे ते या दोन-तीन तासांसाठी, चढणीवरच्या फोटोसाठी नाही.

म्हणून माझी यादी अशी. अंगाला लागून पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. पॉलिएस्टरचे तंतू जवळजवळ पाणी पीत नाहीत, पिळला की झालं. सुती कपडा पाणी धरून बसतो. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको, भिजलेली जीन्स घालून चढणं म्हणजे पायाला पोतं बांधून चढणं. वरून दीड-दोन हजारांचं हलकं जॅकेट, ज्याचं मुख्य काम वारा अडवणं. काखेत चेन असेल तर उत्तम. चढताना ते सॅकमध्ये, माथ्यावर आणि थांबल्यावर अंगात. पोंचो सपाटीवर छान, पण कातळटप्प्यावर पायाखालचं दिसू देत नाही आणि वाऱ्यात त्याचं शीड होतं. वॉटरप्रूफ बुटांत वरून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. त्यापेक्षा पाणी निथळणारे, ओल्या दगडावर पकड असलेले बूट बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी आणि त्यात एक कोरडा जोड, कानटोपी, मोजे. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी ओघळतंच. हा जोड गाडीत ठेवायचा नाही, पाठीवर न्यायचा. आणि "जरा बदलून घेतो" म्हणून वाटेत काढायचा नाही. तो बॅकअप आहे.

हे ज्ञान काही नवीन नाही. भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवरचं इरलं बघा. बांबूच्या कामट्या आणि पानं, पाठ-डोकं झाकलेलं, पुढून सगळं उघडं. हात मोकळे, वारा खेळता. आणि गुराख्याची घोंगडीची खोळ? लोकर ओली झाली तरी ऊब बरीचशी राखते. कोरडं राहण्याचा हट्ट दोघांनीही धरलेला नाही. पावसात दिवसभर उभं राहायचंय हे ज्यांना माहीत होतं, त्यांची रिक्वायरमेंट स्पष्ट होती :-)

असो. जॅकेटचे पैसे वाचले तर त्यातून चांगले बूट घ्या, गावातल्या वाटाड्याला त्याचे पैसे नीट द्या आणि उतरल्यावर त्याच्याच घरी पिठलं-भाकरी खा. जॅकेट महाग आहे म्हणून ओढ्याचं पाणी कमी होत नाही. परत फिरायची वेळ आली, तर परत फिरा.