ताईची घंटा

या सदराच्या वाचकांना माझी जालन्याची ताई नवी नाही. भाऊबीजेला तिच्याकडे जावे, ओवाळून घ्यावे, चकल्या-करंज्यांचा यथास्थित समाचार घ्यावा आणि दुपारी निवांत ताणून द्यावी, हा माझा जुना शिरस्ता. पण गेल्या भाऊबीजेला मी उशीला डोके टेकतो न टेकतो तोच ती उशाशी येऊन बसली.

"अरे, जरा भाच्याशी बोल. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. विचारलं तर म्हणतो, खेळाचं काम चाललंय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेलाय. हे काय खेळायचं वय आहे?"

दाजी पलीकडे पानाला चुना लावीत होते. ते म्हणाले, "पैशाचं काम असतं तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याचा खेळ, फुकट वाटायचा, अन् त्याच्यापायी पोरगं रात्र-रात्र जागायलंय! तेवढा वेळ दुकानात बसला असता तर चार पिशव्या तरी विकल्या असत्या."

दाजींचे दुकान बियाण्यांचे. जालन्यात हा धंदा काही ऐरागैरा नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको काढली आणि मोसंबी-पोलादाइतकेच बियाण्यांसाठीही या गावाचे नाव देशभर झाले. 'जालना सोने का पालना' ही म्हणसुद्धा बियाण्यांवरूनच पडली असे दाजी ठासून सांगतात. म्हण त्याहून पुष्कळ जुनी आहे. पण ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांच्याशी इतिहासावर वाद घालू नये, असे माझे मत आहे.

भाच्याच्या खोलीत गेलो. पडद्यावर खेळ नव्हताच. नुसत्या अक्षरांच्या ओळी.

"मामा, मी खेळत नाही. खेळ पिशवीत भरतोय म्हणा ना," तो म्हणाला.

मग त्याने मला जे समजावले ते असे. संगणकाला मुळात एक कारभारी लागतो. बहुतेकांच्या घरी तो विकतचा असतो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा गाभा लिहिला आणि पुढे तो जगाला मोकळा करून दिला. पण नुसत्या गाभ्याने घर चालत नाही. लेखनाची, चित्रांची, हिशेबाची, खेळांची हजारो साधने लागतात. ती एकमेकांशी जुळवून, तपासून देणारी जी मोठी कोठारे आहेत, त्यांतले एक जुने म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक या तरुणाने ते १९९३ साली सुरू केले आणि आपल्या डेब्रा नावाच्या मैत्रिणीचे नाव स्वतःच्या नावाला जोडून त्याचे बारसे केले. ते चालवणारे स्वयंसेवक जगभर पसरले आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांचे वार्षिक संमेलन आपल्याकडे कोचीला भरले होते.

कुणी परदेशी गृहस्थाने छोट्या आगगाडीचा एक खेळ लिहिला होता. तो या कोठारात घालण्याचे काम भाचा आणि नागपूरचा एक मुलगा मिळून करीत होते. दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेसुद्धा नव्हते! काम दिसायला कारकुनी. खेळाला आणखी कोणती साधने लागतात त्यांची यादी करायची. कच्च्या मजकुरापासून खेळ कसा घडवायचा ते पायरीपायरीने लिहायचे. कुणी कोणत्या तारखेला काय बदलले त्याची नोंद ठेवायची. आणि शेवटी प्रत्येक मजकूर, चित्र, आवाज कुणाचा, आणि तो कोणत्या अटींवर दिला आहे, हे लिहून द्यायचे. वर लिंटियन नावाचा एक तपासनीस कार्यक्रम आहे. तो जुन्या हेडक्लार्कसारखा स्वल्पविरामावरूनही कागद परत पाठवतो.

"मग अडलं कुठे?" मी विचारले.

भाच्याने मान खाली घातली. अडले होते ते घंटेपाशी. खेळात गाडी सुटताना एक घंटा वाजते. नागपूरच्या मुलाने यादी करताना सगळ्याच आवाजांपुढे खेळ लिहिणाऱ्याचे नाव घालून टाकले होते. कोण बघतो! पण कोठाराच्या दारावर नव्या पिशव्या तपासणारी माणसे बसलेली असतात. त्यांनी पिशवी परत पाठवली आणि विचारले, घंटा कुठून आणली? मूळ लेखकाला विचारले तर तोही सांगेना. कुठूनशी उचलली होती, आता आठवत नाही म्हणे.

नागपूरकर चिडला. एका टण्‌ आवाजासाठी सहा आठवड्यांचे काम अडवायचे? भाचा म्हणाला, खाली माझेही नाव आहे. शब्दाने शब्द वाढला, आणि आठ दिवस झाले, दोघांचे बोलणे बंद होते. पोराच्या जागरणाचे खरे कारण हे होते. तो काम करीत नव्हता; नुसता पडद्याकडे बघत बसत होता.

"असं आधीही झालंय मामा," तो म्हणाला. ओपन-टीटीडी नावाचा आगगाड्यांचा एक गाजलेला खेळ आहे. २००४ पासूनचा. खेळ स्वतः मोकळा; पण चालवायला जुन्या विकतच्या खेळातली चित्रे आणि आवाज लागत. म्हणून डेबियनने त्याला मुख्य कोठारात न घेता बाजूच्या खोलीत ठेवले. लोकांनी हजारो चित्रे नव्याने काढली, आवाज नव्याने जमवले, आणि २०१० च्या एप्रिलात त्याची १.० आवृत्ती आली ती जुन्या खेळावाचून चालणारी. तरीही त्या नव्या आवाजांच्या परवान्यात जाहिरातीला मनाई होती, म्हणून आवाज आणखी कैक वर्षे बाजूलाच राहिले. पुढे परवाना बदलून मिळाला तेव्हा कुठे प्रश्न सुटला.

"एवढं सोवळं कशाला?" मी म्हणालो. "फुकट तर वाटायचंय."

"फुकट वाटायचंय म्हणूनच!"

हा आवाज दाजींचा. ते दारात केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. दाजी आत येऊन कॉटवर बसले.

"आमच्या पिशवीला टॅग असतो. पैदासकाराचं बियाणं असेल तर पिवळा, पायाभूत असेल तर पांढरा, प्रमाणित असेल तर निळा. त्याच्यावर वाण, लॉट नंबर, उगवण, सगळं असतं. गिऱ्हाइकाला मी सांगतो, पेरणी झाली तरी पिशवी, टॅग अन् पावती जपून ठेव. एका वर्षी एका माणसाचं चार एकर सोयाबीन उगवलंच नाही. शेजाऱ्याकडून बिनटॅगचं बी आणलं होतं, चांगुलपणानं दिलेलं. आता दाद कुणाकडं मागायची? विकलेली पिशवी एकाच्याच घरी जाते. फुकट दिलेलं बी मात्र हा त्याला देतो, तो त्याच्या मेव्हण्याला देतो. दहा गावं फिरतं. त्याच्यावर टॅग खरा पाहिजे."

मुलगा बापाकडे बघतच राहिला. दुकानात बसायचा कंटाळा करणारा तो, आणि खेळाच्या नावाने बोटे मोडणारे हे! दोघांचा धंदा एकच निघाला होता.

"पण आता घंटा आणायची कुठून?" भाचा म्हणाला.

तेवढ्यात आतून दिवेलागणीची घंटा वाजली. ताई देवापुढे निरांजन लावीत होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

पुढचा अर्धा तास त्या घरात जे चालले ते ऐकण्यासारखे होते. पंखे बंद. शेजारच्या पोरांना फटाके वाजवू नका म्हणून दटावणी. ताईने सहा वेळा घंटा वाजवली. दोन वेळा मध्येच कुकरची शिट्टी झाली. मग भाच्याने तिच्यापुढे कागद ठेवला: हा आवाज कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, विकावा.

"विकायचासुद्धा?" ताई म्हणाली. "मी देवाची घंटा फुकट द्यायची आणि लोकांनी ती विकायची?"

भाच्याने सांगितले की डेबियनच्या १९९७ सालच्या नियमांतच तसे आहे. अमक्याने विकू नये अशी अट घातली की माल मोकळा राहत नाही. ताईने थोडा विचार केला. "बरं. घंटेचा आवाज गल्लीत जातोच की. त्याला कोण अडवतं?" असे म्हणून तिने सही केली.

मग भाच्याने नागपूरला फोन लावला. त्याने काहीच न बोलता घंटा ऐकवली. पलीकडून आधी शांतता, मग हसणे ऐकू आले. "यादी मी पुन्हा करतो," तो मुलगा म्हणाला, "पहिल्यापासून. प्रत्येक आवाज शोधून." त्या रात्रीही भाचा दोनपर्यंत जागला. फरक इतकाच, की मधे ताईने स्वतः उठून कॉफी करून दिली.

त्या कोठारात नवी पिशवी आधी 'सिड' नावाच्या दालनात जाते. १९९५ च्या 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या, खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचे हे नाव. मोडायचे ते तिथे मोडावे, टिकेल ते पुढे जावे. ताईची घंटा सिडच्या हातून सहीसलामत सुटली.

परवा ताईचा फोन आला. खेळाच्या कागदपत्रांत तिचे नाव छापले आहे, पण त्यात माहेरचे आडनाव का नाही, अशी तिची तक्रार आहे. यंदाच्या भाऊबीजेला मला त्यावर भाच्याशी बोलायचे आहे.