डिस्प्लेचा पीस, नव्याचा भाव

‘‘शेवटचाच पीस राहिलाय, काकू. आज सोडलात तर दिवाळीपर्यंत मिळायचा नाही!’’

आमच्या शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि भिशीचे पैसे मोजून टीव्ही घरी आणला. अर्धांगाच्या झटक्यापासून काका दिवसभर अंथरुणावर असतात. त्यांना जरा मोठा पडदा असावा, एवढीच काकूंची इच्छा. किमतीत घासाघीससुद्धा फारशी केली नाही त्या भल्या बाईनं.

टीव्ही लावला आणि पडद्यावर दुकानातली जाहिरात सुरू झाली. बंद केली तरी थोड्या वेळानं पुन्हा हजर! रिमोटच्या मागचं झाकण गायब, खोकं आधीच फोडून पुन्हा चिकटवलेलं. सुट्टीला आलेल्या जावयानं सांगितलं, ‘‘आई, हा दुकानात मांडलेला टीव्ही आहे. अजून दुकानाच्याच सेटिंगवर आहे.’’

काकू दुकानात गेल्या. मालकांचं उत्तर तयार होतं, ‘‘वापरलेला कुठे आहे? नुसता डिस्प्लेला होता. म्हणजे नवाच की!’’

वाचकहो, मांडलेली वस्तू नवी की जुनी? आणि नवी नसेल, तर तिचे पूर्ण पैसे का मोजायचे?

आधी दुकानदाराची बाजू ऐकू. वस्तू मांडल्याशिवाय विकत नाही. आपणच दुकानात जाऊन फ्रीजचं दार दहादा उघडतो, गादीवर बसून पाहतो, मोबाइलची बटणं दाबतो आणि ‘बघून सांगते’ म्हणून बाहेर पडतो. कित्येकदा तीच वस्तू इंटरनेटवरून स्वस्तात मागवतो. वस्तू मांडण्याचा खर्च दुकानदार सोसतो, हे अगदी खरं. पण तो खर्च सगळ्या गिऱ्हाइकांच्या मिळून आहे. शेवटचा पीस उचलणाऱ्या एकट्या काकूंनी तो का भरायचा?

शिवाय वस्तूवस्तूत फरक असतो. मांडलेलं स्टीलचं कपाट नव्यासारखंच असतं, फार तर एखादा ओरखडा. फ्रीज दुकानात सहसा चालू नसतो, पण उघडझाक होऊन दाराचं रबर सैल पडू शकतं. नमुन्याचा मोबाइल दिवसभर चार्जरला लावलेला असतो. त्यात त्याच्या बॅटरीचं आयुष्य खर्ची पडतं.

टीव्हीचा हिशेब तर सरळ मांडता येतो. दुकानात तो रोज बारा तास चालला असं धरा. सहा महिन्यांत झाले सुमारे २,१६० तास. घरी आपण रोज चार तास बघतो म्हटलं, तर हे दीड वर्षाचं बघणं झालं! त्यातून दुकानात तो झगझगीत दिसावा म्हणून उजेड चढवून ठेवतात. पडद्यामागचे दिवे त्यानं लवकर थकतात. तेव्हा ‘वापरलेला नाही’ हे खरं नव्हे. वापरला, फक्त आपण नव्हे.

‘‘अहो, एमआरपीपेक्षा कमीच घेतलेत,’’ असंही मालक म्हणाले. पण एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे, खरी किंमत नव्हे. तिच्यापेक्षा कमी भाव तर सगळ्यांनाच मिळतो. सीलबंद टीव्हीला जी सवलत, तीच मांडलेल्याला दिली, तर मांडलेल्याची सवलत शून्यच झाली!

आता कायदा काय म्हणतो? १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं, ही त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ मानली आहे. मांडलेला प्रत्येक पीस ‘जुना’ ठरेल का, यावर वकील वाद घालतील. पण वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, याबद्दल वाद नाही. सवलत द्यायलाच हवी असं मात्र कायदा कुठे म्हणत नाही. भाव दोघांनी ठरवायचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की भांडण सवलतीसाठी नकोच. भांडायचं ते बिलावरच्या एका ओळीसाठी: ‘हा डिस्प्लेचा पीस आहे.’ दुकानदार ती ओळ लिहायला बसला, की किंमत आपोआप उतरते. कारण हे ठाऊक असताना पूर्ण पैसे कोण मोजणार? आणि पूर्ण किंमत घ्यायची असेल, तर ती ओळ लपवण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो.

मांडलेली वस्तू घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्या. खोक्यावरचा आणि वस्तूवरचा क्रमांक एकच आहे ना, ते पाहा. खोक्यावर छापलेला निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. किती दिवस मांडली होती, ते सरळ विचारा. रिमोट, वायर, स्टँड, माहितीपुस्तिका दुकानातच मोजून घ्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून पूर्ण मिळेल, हे लिहून घ्या. आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

फसवणूक झालीच, तर आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तेवढ्यानं भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. नव्या कायद्यानं आणखी एक सोय केली आहे. तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडेही तक्रार चालते. पुण्याला सुट्टीत केलेल्या खरेदीसाठी इंदूरच्या किंवा बडोद्याच्या वाचकाला पुण्याला खेपा घालायला नकोत.

काकूंना एवढं करावं लागलं नाही. त्या मालकांसमोर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मला पैसे परत नकोत. हा डिस्प्लेचा पीस होता, एवढं बिलावर लिहून द्या.’’ मालकांनी पेन उचललं, बिलाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. आठ दिवसांनी सीलबंद टीव्ही घरी आला.

काका आता क्रिकेट बघतात. काकू मात्र म्हणतात, ‘‘त्यांनी आधीच सांगितलं असतं ना, तर थोडे पैसे कमी करून तोच टीव्ही मी आनंदानं घेतला असता.’’