विमान हवे, पण शेजारच्या अंगणात!

दरवर्षी २६ जानेवारीला सकाळी आपल्या घराघरांत दूरदर्शन संच लागतो. राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक संचलनात आले की आजोबा ताठ बसतात, आई स्वयंपाकघरातून डोकावते, विमाने गर्जत गेली की लहानगे टाळ्या पिटतात. त्याच घरातील थोरल्या मुलाने गेल्या जुलैत महाविद्यालयातून छात्रसेनेच्या हवाई शाखेचा अर्ज आणला होता. त्याचे पुढे काय झाले? तो क्लासच्या वेळापत्रकाखाली दबून गेला. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण आपण इतरांवर टीका करताना वापरतो. सैनिकीकरणावरील बौद्धिकाला पहिल्या रांगेत बसणारी कुटुंबेही या म्हणीला अपवाद नाहीत, हे स्पष्टच बोलले पाहिजे.

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे एका महाविद्यालयात छात्रसेनेचे काम पाहिले. एका वर्षी उड्डाणासाठी पालकांचे संमतिपत्र मागविले. एका हुशार मुलाच्या मातोश्री ते पत्र घेऊन स्वतःच आल्या. म्हणाल्या, "सर, त्याला परेड करू द्या, शिबिराला न्या, प्रमाणपत्र द्या, फक्त विमानात बसवू नका." हवाई शाखेत घालायचे आणि हवेत जाऊ द्यायचे नाही! त्यांचे पती आमच्याच परिचयातले, राष्ट्रकार्यात सदैव पुढे असणारे. ते मात्र आले नाहीत.

भीती समजू शकते. अज्ञान मात्र दूर करता येते. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ साली कायद्याने छात्रसेना स्थापन झाली. हवाई शाखा १९५० साली उभी राहिली. छात्र झाल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन येत नाही, हे त्या कायद्यातच स्पष्ट आहे. तरीही "उद्या युद्ध झाले तर आमच्या बाळ्याला बोलावतील का?" असा प्रश्न आजही विचारला जातो. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठविण्यात आली. सक्ती उठल्याचे दुःख करणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत वेगळे आहे. हजेरीसाठी रडतखडत मैदानावर येणाऱ्या शंभरांपेक्षा मनापासून आलेले दहा बरे. परंतु ऐच्छिक झाल्यावर इच्छा दाखविण्याची जबाबदारी आपली होती. ती आपण किती पार पाडली?

आता दुसऱ्या टोकाचे पालक. यांना वाटते, हवाई शाखेत नाव घातले की मुलगा वैमानिक झालाच! त्यांनी नीट ऐकावे. येथे कवायत आहे, नेमबाजी आहे, विमानाच्या प्रतिकृती बनविणे आहे, उड्डाणशास्त्राची तोंडओळख आहे, घरच्या गादीपासून दूर नेणारे दहा दिवसांचे शिबीर आहे. प्रत्यक्ष उड्डाण दोन आसनी मायक्रोलाइट विमानातून, शेजारी प्रशिक्षक वैमानिक असताना होते. तेही विमान, हवामान आणि क्रम या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. बहुतेकांच्या वाट्याला येणारा आकाशातील काळ मिनिटांत मोजावा लागतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तास लागतात. या दोन गोष्टींची गल्लत करून कोणी आपल्याकडून लाखो रुपये उकळू पाहत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. छात्रसेनेत प्रवेशासाठी असली रक्कम भरावी लागत नाही आणि निवड आपल्या शाळा-महाविद्यालयातच होते. अर्थात तेथे हवाई शाखेचे पथक असले पाहिजे. ते सर्वत्र नाही.

मग लाभ काय? शाळेतील दोन वर्षांनंतर 'ए' प्रमाणपत्र, महाविद्यालयात 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी'. परीक्षेला बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. हवाई शाखेचे 'सी' प्रमाणपत्र मिळविणाऱ्या पदवीधरास हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी विशेष प्रवेशाचे दार उघडते. लेखी परीक्षेची चाळणी टळते. देहरादून, म्हैसूर, वाराणसी, गांधीनगर अशा ठिकाणच्या निवड मंडळापुढे थेट जाता येते.

येथेच पालकांची खरी चूक उघडी पडते. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसेल तर उड्डाण शाखेचा मार्ग बंद. "वैद्यकीयला गणित कशाला?" म्हणून अकरावीतच तो विषय सोडायला लावणारे वडील पुढे पाच वर्षांनी आमच्याकडे येऊन "काही करता येईल का?" असे विचारतात. काही करता येत नाही. रंगांधळेपणाचेही तसेच. बिचारा मुलगा तीन वर्षे पहाटे पाचला उठून मैदान गाठतो, निवड मंडळ ओलांडतो आणि वैद्यकीय तपासणीत कळते की रंगांच्या ठिपक्यांत दडलेला आकडा त्याला वाचता येत नाही. गावातील नेत्रतज्ज्ञाकडे अर्ध्या तासात होणारी ही तपासणी दहावीतच का करू नये? चष्म्याचा नंबर, उंची, पायांची लांबी यांचेही निश्चित निकष आहेत. नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया कोणाच्या सांगण्यावरून घाईने करू नये. वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी केलेली चालत नाही. आणि वैमानिक-योग्यतेची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. "जाऊन तर बघ, अनुभव मिळेल" असा सल्ला तेथे घातक ठरतो. हे सारे न सांगता मुलाला धाडणे हा निष्काळजीपणाच आहे.

पुष्पक विमानाचा आणि तळपदे यांच्या उड्डाणाचा विषय निघाला की आमच्या मंडळींना स्फुरण चढते. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील रचना उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच काढला आहे. त्यावर संध्याकाळभर वाद घालणाऱ्या गृहस्थाने आपल्या नातवाला पंखाला उचल कशी मिळते एवढे समजावून सांगितले, तरी आम्ही त्यास अधिक मोठे राष्ट्रकार्य समजू.

मराठी माणसाला आकाश परके नाही. हृषीकेश मुळगावकर १९७६ ते १९७८, प्रदीप नाईक २००९ ते २०११ आणि विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. यातील चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातील, म्हणजे पुण्या-मुंबईच्या सोयी लागतातच असेही नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या खडकवासल्याला आहे. तरीही राज्य शासनाला १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठी मुलांना तेथील प्रवेशासाठी तयार करणारी संस्था काढावी लागली! आपण मात्र रविवारी धरणावर कणीस खातो आणि परत फिरतो.

मुलींच्या बाबतीत तर सबबींना अंत नाही. छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून प्रबोधिनीतही मुली दाखल होत आहेत. "मुलीच्या जातीला हे कशाला?" हा प्रश्न जिजाऊंचे चित्र भिंतीवर लावलेल्या घरात तरी ऐकू येऊ नये.

त्या मातोश्रींचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्यांना आम्ही मैदानावर बोलावले, प्रशिक्षकांशी गाठ घालून दिली, विमान दाखविले. त्यांनी पंखाला हात लावून पाहिला, पट्टा कसा बांधतात ते विचारले, बराच वेळ गप्प राहिल्या आणि सही केली. मुलगा हवाई दलात गेला नाही. निवड मंडळातून परतला, आज एका कारखान्यात अभियंता आहे. गेल्या जूनमध्ये त्याचा दूरध्वनी आला होता. त्याची मुलगी आठवीत गेली आहे, आणि जवळच्या कोणत्या शाळेत हवाई शाखेचे पथक आहे, हे त्याला विचारायचे होते.