नान-खलिया इथलाच

अजिंठा-वेरूळ पाहायला निघालेले ऑफिसमधले मित्र विचारतात, ‘औरंगाबादला पारंपरिक काय खायचं?’ आणि आपलीच मुलं त्यांना थाळीच्या हॉटेलाकडे पाठवतात. मला हे खटकतं. पिठलं-भाकरी इथली आहेच, आपल्याही घरात होते. पण नान-खलियाही इथलाच! १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, त्या लष्करासोबत हा पदार्थ आला असं सांगतात. ते खरं धरलं तर हा पदार्थ मिरचीपेक्षाही जुना. मिरची पोर्तुगीजांनी फार नंतर आणली. ठेचा मराठी आणि खलिया ‘बाहेरचा’, हा हिशेब मला जमत नाही.

म्हणून पाहुण्यांना सरळ जुन्या शहरात, शहागंज-सिटी चौकाकडे पाठवा. तंदूरमधला मऊ, पिवळसर नान, वर तर्रीदार खलिया. मटणाचा की बड्याचा, हे आधीच सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि ज्याला नको त्याचाही मान राहतो. ‘आमच्यात खातात’ म्हणू नका, ‘आमच्या मराठवाड्यात’ म्हणा. शाकाहारी मित्रांना मात्र थाळीच बरी. तर्रीत न बुडवता नुसता नान खाऊ घालणं म्हणजे पाहुण्यावर अन्याय!